आप्पांच्या इंग्रजी माळा

आप्पांना वेळ विचारली की ते कार्डांत सांगत. "आप्पा, नळाला पाणी कधी येईल?" "अजून तीस कार्डं." "चहा टाकू का?" "दहा कार्डांनी टाक." एका कार्डाला भोकं पाडायला त्यांना बरोबर एक मिनिट लागे, त्यामुळे मिनिट हा शब्द त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. नवीन माणूस गोंधळून जाई. आम्ही सुरतेच्या डिंडोलीतले शेजारी सरावलो होतो. माझी सासू तर चुलीवर डाळ ठेवून समोरच्या दारात बघून विचारायची, आणि डाळ कधी करपली नाही.

ते जेकार्डची कार्डं पाडायचे. साडीच्या किनारीवर जी वेलबुट्टी येते, ती मागावर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांतून येते. हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टी. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. डिझायनर चौकटीच्या कागदावर नक्षी काढून देतो, त्यातल्या एकेका ओळीचं एकेक कार्ड होतं, आणि तीनशे-चारशे कार्डं दोरीने क्रमाने ओवली की ती माळ मागावर चढते. सुरतेत हे काम करणारे पुष्कळ होते, पण आप्पांचं कार्ड चुकत नाही, अशी बाजारात ख्याती होती. त्या ख्यातीचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवीत नसत. बाकीचे लोक प्रत्येक कार्डावर नंबर टाकतात. आप्पा टाकत नसत. शेठ कानीकपाळी ओरडायचा, तरी नाही. म्हणायचे, "नंबर विसरणाऱ्याला लागतात. मी भोकं वाचतो."

माणूस एकटा. धुळ्याकडचा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बाह्यांचा बनियन, आणि उजव्या कानावर पेन्सिल. ती झोपेतही कानावरच असायची असं गल्लीतली पोरं म्हणत. हाती घेतलेला संच पुरा केल्याशिवाय ते खोली सोडत नसत. प्लेगच्या वर्षी अर्धी डिंडोली मिळेल त्या गाडीने खानदेशात पळाली, आमचे हे मला आणि सासूला ओढतच उधना स्टेशनावर घेऊन गेले. निघताना आप्पांना म्हटलं, चला. तोंडाला रुमाल बांधून ते मशीनवर बसले होते. म्हणाले, "दोनशे कार्डं उरलीत. तुम्ही व्हा पुढे." आम्ही पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा ते कितव्यातरी पुढच्या संचावर होते.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या दुसऱ्या माळांबद्दल.

त्यांच्या खोलीत छताखाली एक बांबू आडवा बांधला होता आणि त्याला चाळीसेक माळा टांगलेल्या होत्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जुनी डिझाइनं असतील. जवळ गेले तर भोकांची अक्षरं होती, इंग्रजी! वाया गेलेल्या कार्डांच्या कोऱ्या भागावर आप्पांनी ठिपक्याठिपक्यांनी इंग्रजी शब्द पाडले होते. एका माळेत एकाच कुळातले शब्द. कूळ म्हणजे काय, तर ज्यांच्यात ठरावीक अक्षरं त्याच क्रमाने येतात ते सगळे. आय-जी-एच-टी हे एक कूळ : लाइट, नाइट, फाइट, टाइट, राइट. टी-आय-ओ-एन हे दुसरं, खूप मोठं, गोतावळ्याचं. ए-बी-एल-ई हे तिसरं. सगळी कार्डं अशी पाडलेली की सामाईक अक्षरं एकाच जागी यावीत. मग ते एका कुळाचा गठ्ठा उचलत, चारी कडा टेबलावर ठोकून जुळवत, आणि सकाळच्या उन्हात खिडकीसमोर धरत. वेगळी अक्षरं एकमेकांना झाकून टाकत. आरपार उजेड यायचा तो फक्त सामाईक अक्षरांतून. काळ्या पुठ्ठ्यावर आय-जी-एच-टी लखलखायचं.

"दिसलं?" ते विचारत. "जे परत परत येतं ते आधी ओळखायचं. मग नवीन किती उरतं ते बघायचं. फार उरत नाही."

हे सगळं करणाऱ्या माणसाला इंग्रजीचं एक वाक्य बोलता येत नव्हतं. सहाशे शब्द त्यांना चेहऱ्याने ठाऊक होते, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ माहीत नव्हता, आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. मी एकदा विचारलं, "आप्पा, हा नाद लागला कसा?" मला वाटलं, काहीतरी मोठी कहाणी निघेल. ते म्हणाले, "एवढी चांगली कार्डं वाया जात होती ना."

शब्द माळेत घ्यायचा तर त्याला तीन साक्षी लागत. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तो छापलेला किंवा रंगवलेला दिसला पाहिजे. एका दुकानाच्या पाटीवर भरवसा नाही, पेंटर काहीही लिहितो, हे त्यांचं म्हणणं, आणि उधन्यातल्या पाट्या पाहिल्या तर ते खोटं नव्हतं. त्यामुळे आप्पा सतत साक्षीच्या शोधात. औषधाच्या पट्ट्या, साबणाची वेष्टनं, साडीचे खोके, सिनेमाची तिकिटं. फरसाणवाल्याकडे खमण घ्यायला गेले की म्हणत, "इंग्लिश छापामां बांधजो." तो बिचारा गुजराती कागदांच्या गठ्ठ्यात इंग्रजी कागद हुडकत बसे, मागे रांग लागे. घरी आल्यावर आप्पा आधी कागद वाचत, खमण गार होई.

एकदा ए-बी-एल-ईच्या कुळातला 'इन्फ्लेमेबल' हा शब्द दोन साक्षींवर अडला. तो लिहिलेला एक टँकर त्यांना हमरस्त्यावर दिसला, पण मधल्या अक्षरांवर चिखल. आप्पांनी सायकल मारली ती त्याच्या मागे. टँकर थांबला तो थेट कामरेजला, चहाच्या टपरीवर. आप्पा तासाभराने तिथे पोचले, घामाघूम, आणि टँकरच्या पाठीला नाक लावून उभे राहिले. तिथून त्यांनी ओरडून विचारलं, "ड्रायव्हर कौन है? जल्दी फडका लाओ!" ड्रायव्हर-क्लीनर कप टाकून पळाले, टपरीवाल्याने चूल विझवली, गिऱ्हाइकं शेताकडे धावली. सगळ्यांना वाटलं, टाकी गळतेय. आप्पा म्हणाले, "कुछ नहीं भाई, एक अक्षर देखना है." मार खाल्ला नाही हे नशीब. संध्याकाळी परत आले आणि कोणाला काही न सांगता आधी कार्ड पाडायला बसले. ही हकीगत आम्हाला पुढे एका ट्रकवाल्याकडून कळली.

माझं म्हणाल तर मी दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेली. अमळनेरजवळचं माहेर, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सुरतेला आले. उधन्याच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागले होते. फरशी पुसायची, बाळंतिणींचे कपडे बदलायचे. माझा हात हलका आहे असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणत. एके दिवशी म्हणाल्या, "दहावी काढ. नर्सच्या कोर्सला मी स्वतः नाव घालते तुझं." त्या दिवशी घरी येताना मी रस्ता कसा कापला मला आठवत नाही. सासूला सांगितलं. ती तोंडाने फटकळ, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "या बखतले पास व्हयनी ते व्हयनी. नहीते पुस्तक चुल्हामा." म्हणजे ऑक्टोबरची परीक्षा ही एकच संधी. त्यानंतर पुस्तक चुलीत आणि मी जन्मभर आया.

भांडी घासताना मी पुस्तक बादलीला टेकवून ठेवायची. आप्पांना ते समोरून दिसलं असणार. त्यांनी मला बोलावलं नाही, घरात कोणाला विचारलं नाही. एके सकाळी गल्ली ओलांडून आले, बादलीवर एक माळ ठेवली आणि निघून गेले. टी-आय-ओ-एनची माळ होती. वरून पहिला शब्द स्टेशन. दुसरा ऑपरेशन, तिसरा इंजेक्शन. चौथा राशन. मी ओला हात पदराला पुसून ते कार्ड उन्हात धरलं. राशन इंग्रजी आहे? मी जन्मभर बोलत आलेला शब्द? मला हसूच आलं. ज्या भाषेने मला दोनदा पाडलं, ती माझ्याच घरात पिशवी घेऊन रांगेत उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला जाण्याआधी त्यांच्या उंबऱ्यावर बसू लागले. ते आत मशीनवर, मी उंबऱ्यावर, दार सताड उघडं. एरवी आप्पा आमच्यासारखीच अहिराणी बोलत, पण शिकवताना ते शाळेतली मराठी बोलत. "शिक्षण चालू आहे," असं मला बजावत. रागावले की मात्र अहिराणीवर येत, त्यामुळे चुकलं कुठे ते लगेच कळायचं.

कुळांच्या बाबतीत ते फार कडक. 'फॅशन' ऐकायला स्टेशनसारखा, पण अक्षरं निराळी. तो त्यांनी घेतला नाही. "हा सोयरा. जेवायला बसव, पण माळेत नको." ओ-यू-जी-एचच्या कुळाबद्दल तर ते आवाज खाली आणून बोलत. रफ, कफ, थ्रू, दो. अक्षरं तीच, पण एकाचा उच्चार दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. "सख्खी भावंडं आहेत, पण आपसात वाकडं आलंय," ते म्हणाले. "यांच्याकडे कार्याला जायचं, भांडणात पडायचं नाही." परीक्षेच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. पण ते चारी शब्द मी आजवर चुकले नाही.

मलाही त्यांनी कामाला लावलं. दवाखान्यातली औषधांची खोकी ही उत्तम साक्ष, कारण ती पेंटरने रंगवलेली नसतात. मी रिकामी खोकी घेऊन यायची आणि शब्दांचे अर्थ डॉक्टरबाईंना विचारून यायची. आप्पा अर्थ कार्डाच्या पाठीवर मराठीत लिहीत आणि खाली माझं नाव टाकत, साक्षीदार म्हणून. मला तोवर कोणी कशाची साक्षीदार केलेलं नव्हतं. त्या चार महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं की मी मठ्ठ नाही. आज मी ज्या वॉर्डात सिस्टर आहे तिथे नव्या मुली औषधांची लांबलचक नावं बघून घाबरतात, तेव्हा मी त्यांना तसंच शिकवते. आधी ओळखीचा भाग झाका, मग काय उरतं ते बघा. त्या विचारतात, ही पद्धत कोणत्या पुस्तकातली? मी म्हणते, डिंडोलीच्या.

आता जे घडलं ते सांगते. ते सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

दसरा तोंडावर आला होता. परीक्षा माहेरी अमळनेरला, सोमवारपासून, आणि माझी गाडी गुरुवारी दुपारची. दिवाळीच्या मालासाठी शेठने आप्पांना एक मोठी किनार दिली होती, तीनशे चौऱ्याऐंशी कार्डांची. मंगळवारी रात्री शेवटचं कार्ड पाडून झालं आणि आप्पांना थंडी वाजून ताप भरला. बुधवारी मी दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या, चहा दिला. ते घोंगडी घेऊन झोपले. टेबलावर कार्डांचा गठ्ठा तसाच. फक्त ओवायचं राहिलेलं. शेठचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

मला वाटलं, आपल्याकडून एवढं तरी व्हावं. ओवण्याची गाठ मी बघून बघून शिकले होते. गठ्ठा घेतला, चार कार्डं खिडकीसमोर धरली. एकाची भोकं दुसऱ्याशी जुळेनात. पाचवं मात्र पहिल्याशी जुळलं, नववंही जुळलं. मी मनात म्हटलं, आप्पांना ताप, लावायची राहून गेली दिसतात. आणि बसले लावायला. ज्यांच्यात सारखी भोकं ती एकत्र. दुसऱ्या कुळाची दुसरीकडे. अशी बावीस कुळं निघाली. दुपारभर मान मोडून मी ती सगळी ओवली, गाठी पक्क्या मारल्या, आणि माळ बांबूला टांगून त्यांच्या जागं होण्याची वाट बघत उंबऱ्यावर बसले. मी फार खुशीत होते.

दिवेलागणीला आप्पा उठले. माळेकडे बघितलं. जवळ गेले, दहा-बारा कार्डं बोटांखालून सरकवली. मग घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "पाणी दे."

पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग शाळेच्या मराठीत, अगदी सावकाश म्हणाले, "शब्द गोळा करायचे असतात. किनार गोळा करायची नसते. किनारीत ज्याने जिथे यायचं त्याने तिथेच यायचं. हे मी तुला सांगितलंच नाही. अर्धंच शिकवलं."

मग माझ्या ध्यानात आलं. क्रम गेला होता. कार्डांवर नंबर नव्हते, आणि नवा संच पाडायला कोरी कार्डं उरली नव्हती. सगळं उसवून, कागदावरची एकेक ओळ भोकांशी ताडून पुन्हा लावायला आठवडा लागणार होता, तोही तापाशिवाय. मी रडायला लागले. म्हटलं, "मी परीक्षेला जात नाही. इथे बसते, सगळं उसवते." तेव्हा मात्र ते अहिराणीवर आले, आणि असे आले की शेजारची बाई डोकावून गेली. "चूप! तू जाशीच. मन्हा चार महिना फुकट घालस का?"

गुरुवारी सकाळी शेठ स्वतःच आला. मी समोर माझ्या दारात पिशवी भरत होते. दोन्ही दारं उघडी, मला सगळं ऐकू येत होतं. "काका, दिवाळी माथा पर छे!" तो ओरडत होता. माग रिकामा उभा आहे, कारागीर बसून आहेत, आणि तुम्ही हे काय ओवून ठेवलंय? "आंखो गई के शुं?"

मग आप्पांचा आवाज आला, "हा शेठ. आंखो गई."

शेठही चपापला असावा. त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, मग आता आराम करा काका, काम दुसऱ्याला देतो. नक्षीचा कागद गुंडाळून घेऊन तो स्कूटरवर बसला आणि गेला. वीस वर्षांचं नातं होतं. मी दारात उभी होते, हातात पिशवी. चार पावलं जाऊन म्हणायला हवं होतं की शेठ, त्यांचे डोळे शाबूत आहेत, हे मी केलं. मी म्हटलं नाही. सासू मागे डबा बांधत होती. तिच्या कानावर गेलं तर परीक्षा इथेच संपेल, ही भीती मला त्या चार पावलांपेक्षा मोठी वाटली. दुपारी मी गाडीत बसले.

पेपर हातात आला तेव्हा पहिल्यांदाच तो मला परक्यांचा बाजार वाटला नाही. ओळखीचे चेहरे दिसत गेले, त्यांना धरून मी पुढे सरकले. परत आले तर आप्पांच्या बांबूला ती किनार टांगलेली होती. पूर्ण, क्रमाने लावलेली. कागद शेठने नेला होता, तरी त्यांनी ती नुसत्या आठवणीने लावली होती. ती आता कोणालाच नको होती. "डोळे बरे आहेत हे माझं मला कळलं पाहिजे ना," एवढंच म्हणाले. पण बाजारात बोभाटा झाला होता. शेठपाठोपाठ बाकीचेही फिरकेनासे झाले. मशीनवर कापड पडलं. काय आप्पा, असं विचारलं की म्हणत, "आराम चाललाय." जेवलात का, तर म्हणत, "पोट नरम आहे." मी ते खरं धरून चालले होते. खरं तर मी निकालाची वाट बघत होते. आधी निकाल लागू दे, मग सांगू, असं रोज स्वतःला समजावत होते.

निकाल डिसेंबरच्या शेवटी आला. इंग्रजीत बेचाळीस. गुणपत्रिका पोलक्यात घालून मी घरी न जाता शेठच्या खात्यावर गेले. खातं म्हणजे मागांची शेड. सगळे माग चालू, कानठळ्या बसणारा आवाज. मी शेठसमोर उभी राहून बोलले, त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलले, तरी नाही. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आप्पांचे डोळे चांगले आहेत! ती कार्डं मी बिघडवली! आप्पा खोटं बोलले!"

नेमकं शेवटचं वाक्य येईस्तोवर कोणीतरी माग बंद करत आणले होते. सगळी शेड माझ्याकडे बघत होती, आणि त्यात आमच्या गल्लीतले सात जण होते. शेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या परीक्षेचं त्याला कारागिरांकडून कळलं असावं. त्याने विचारलं, "पास थयां, बेन?" मी गुणपत्रिका पुढे केली. त्याने ती वाचली, परत दिली. "काकाने कहेजो, काले आवे. पेलो सेट लईने." म्हणजे काकांनी उद्या तो संच घेऊन यायचं.

मी पळत आप्पांकडे आले. मार्क सांगितले, ते हसले. शेठचा निरोप सांगितला तशी त्यांचं हसू गेलं.

"कुठे सांगितलंस त्याला?"

"खात्यात."

"माग चालू होते?"

"होते."

"म्हणजे ओरडून सांगितलंस." त्यांनी कपाळाला हात लावला. "खात्याची पाळी सुटली की तुझ्या सासूला सात तोंडांतून सात परीने कळेल. ऊठ. आपण आधी सांगू."

सासू भाकरी थापत होती. आप्पा दारातच उभे राहिले आणि सुरुवात केली ती सगळा दोष स्वतःवर घेऊन. नंबर टाकले नाहीत, पोरीला अर्धंच सांगितलं, वगैरे. मी मध्येच तोडलं आणि जे होतं ते सांगितलं. कार्डं मी ओवली, शेठ आला तेव्हा मी इथे या दारात उभी होते, आणि मी गप्प बसले. सासूने भाकरी तव्यावर टाकली. आमच्याकडे न बघता विचारलं, "मंग दसरापाईन यास्ले काम नही?"

"नाही," मी म्हटलं.

"आनि तुले माहीत व्हतं?"

"होतं."

आता ती वळली. गुणपत्रिकेचं काही नाही, कार्डांचं काही नाही. म्हणाली, "तीन महिना व्हयनात. समोरना घरमा चूल पेटस का नही, इतलं बी पाह्यं नही तू?"

इतके दिवस मी मनातल्या मनात कार्डांची माफी मागत होते. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

सासूने हात धुतले, भिंतीशी पाट मांडला. "बठा आप्पा."

"मी कोणाकडे जेवत नाही, ताई. माझा नेम आहे."

"मनी सूनले शिकाडं, तवय माले इचारं व्हतं का?" सासू म्हणाली. "मंग आते मी बी तुमले इचारत नही. बठा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसले. सासू मला म्हणाली, "वाढ." मी भाकरी वाढली, डाळ वाढली. थोडी डाळ ताटाबाहेर सांडली, ती पुसून घेतली. आप्पांनी पहिला घास मोडला आणि खाली मान घालून, भुकेल्या माणसासारखे, तीन भाकरी जेवले.